जुन्या मोटारीचें मोल

श्रोतेहो, एके काळीं वेरूळचीं लेणीं पाहण्यास निघालेले प्रवासी आमच्या नांदगांवच्या स्टेशनावर आगगाडींतून उतरत आणि पुढची मजल सडकेनें गांठीत. त्याच गांवांत आज मी माझी जुनी प्रीमियर पद्मिनी रोज हांकतों. बाजार, बँक, पोष्ट, सारें तिच्यावरच. ही जुनी वस्तु जपावी, वापरावी, कीं दोन्ही करावें, या प्रश्नाविषयीं आज दोन शब्द बोलणार आहें.

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्यानें जी गाडी तयार होई, तिलाच पुढें पद्मिनी हें नांव मिळालें. मध्यमवर्गीय कुटुंबाची ही हौसेची गाडी आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सीहि हीच. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईंतील या जातीची शेवटची टॅक्सी निवृत्त झाली. दुर्मिळता वाढली, तसें मोलहि वाढलें. परंतु विम्याच्या कागदावर तें वाढलें काय?

आपल्याकडे १९३९ च्या मोटार कायद्यानें तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा ठरविला आणि ती सक्ति १९४६ च्या जुलैपासून अमलांत आली. १९८८ च्या कायद्यानेंहि तीच चालू ठेविली. पण या विम्यानें रस्त्यावरच्या दुसऱ्याचें रक्षण होतें, आपल्या गाडीचें नव्हे. स्वतःच्या गाडीसाठीं वेगळा विमा घ्यावा लागतो, व त्याचा पाया म्हणजे गाडीची 'घोषित किंमत'.

२००२ च्या विमा दरपत्रकाप्रमाणें ही किंमत वर्षागणिक घटते. चार वर्षांवरील गाडीस पन्नास टक्के घट धरतात. पांच वर्षें उलटलीं कीं कोष्टक संपतें आणि किंमत मालक व कंपनी यांनीं परस्पर ठरवावयाची असते. येथेंच आमच्यासारखे लोक निष्काळजी राहतात. मागें एका कारकुनानें माझ्या गाडीची किंमत साठ हजार लिहिली आणि मीं मुकाट्यानें सही केली. दुरुस्तीचा खर्च या किंमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला, कीं गाडी पूर्णपणें नष्ट झाली असें धरतात. म्हणजे पंचेचाळीस हजारांवरच्या दुरुस्तीनें माझी गाडी कागदावर मोडीत निघाली असती. तिच्या जीर्णोद्धारास चार लाख लागले होते! शिवाय किरकोळ अपघातांतहि दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या सुट्या भागांवर अर्धी घट कापली जाते, ती आपल्याच खिशांतून.

मग ठरीव किंमतीचा विमा कां घेऊं नये? दरपत्रकानें ती सवलत १९४० अखेरपूर्वी बनलेल्या व जुन्या गाड्यांच्या मंडळानें प्रमाणित केलेल्या मोटारींपुरतीच ठेविली. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपांतील गाड्यांस 'व्हीए' अक्षरांचा निराळा क्रमांक देण्याचे नियम केले. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये पडतात. पण त्या क्रमांकाची गाडी नित्य वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, शर्यतफेरी, दुरुस्ती, इंधन भरणें, एवढ्यासाठींच ती रस्त्यावर यावी! मान मिळतो, पण चाक थांबतें.

माझी गाडी आतां पन्नाशीकडे आली आहे. तो मान मीं न घेण्याचें ठरविलें आहे. त्याऐवजीं दुरुस्तीच्या पावत्या व चारी बाजूंचीं छायाचित्रें जमवून, जाणत्या मूल्यमापकाचा लेखी अहवाल घेऊन, नूतनीकरणापूर्वीं कंपनीशीं किंमत लेखी ठरविली. ती तीन लाख ठरली. हप्ता वाढला खरा. पण मोडीची रेषा आतां सव्वादोन लाखांवर गेली आहे आणि गाडी पूर्वीप्रमाणें रोज बाजारांत जाते.

श्रोतेहो, जुन्या वस्तूचें मोल दुसऱ्यानें ठरवावें अशी वाट पाहूं नये. कागदावरचा आंकडा वाचून मगच सही करावी.