वाकणारा प्रकाश आणि मराठीचे तीन शब्द

१/ श्रीरामपूर परिसरातून वाहणाऱ्या प्रवरा कालव्याच्या संथ पाण्यात काठी तिरपी बुडवली, की ती पृष्ठभागाशी वाकलेली भासते. काठी सरळच असते. दिशा बदलतो तो प्रकाश. या एका घटनेला मराठीत तीन नावे आहेत : वक्रीभवन, प्रणमन आणि अपवर्तन.

२/ 'वक्रीभवन' हा पाठ्यपुस्तकांतून रुळलेला जुना शब्द. संस्कृत व्याकरणातील 'च्वि' प्रत्ययाने तो घडतो. जे आधी तसे नव्हते ते तसे होणे, हा या प्रत्ययाचा अर्थ. म्हणजे मुळात सरळ असलेले वक्र होणे. शब्द अर्थवाही खरा, परंतु त्यात एक उणीव आहे. हवेतून पाण्यात शिरणारा किरण केवळ सीमेवर वळतो आणि पुढे पुन्हा सरळच जातो.

३/ 'प्रणमन' मराठी विश्वकोशाने स्वीकारला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध झालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. धातू 'नम्', म्हणजे वाकणे. 'प्रणाम' त्याच कुळातला. त्यावरूनच 'प्रणमनांक'.

४/ 'अपवर्तन' आजच्या दहावीच्या पुस्तकात आहे. हिंदीतही हाच शब्द चालतो. 'अप' आणि 'वृत्' मिळून अर्थ होतो बाजूला वळणे. हा शब्द प्राचीन गणितात आधीच होता : भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) सामाईक भाजकाने संख्या लहान करण्याला अपवर्तन म्हटले आहे.

५/ 'वृत्' धातूचा मोठा लाभ म्हणजे त्यातून उभे राहिलेले कुटुंब. मागे फिरणे ते परावर्तन, बाजूला वळणे ते अपवर्तन, अडथळ्याच्या कडेपाशी पसरणे ते विवर्तन. या तिसऱ्या घटनेला लॅटिन नाव देणाऱ्या ग्रिमाल्दी यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १६६५ मध्ये निघाला.

६/ युरोपीय भाषांतील शब्दांच्या मुळाशी लॅटिनमधील 'तोडणे' ही क्रिया आहे. तिथे प्रकाश मोडतो. मराठीत तो वाकतो, नमतो, वळतो.

७/ मात्र 'अपवर्तन' शिकलेला विद्यार्थी विश्वकोशात तोच शब्द शोधू लागला, तर 'प्रणमन' त्याच्या नजरेतून सहज निसटेल. परिभाषा बदलली, की जुने ज्ञान आपल्याच भाषेत परके होते. म्हणून तिन्ही शब्द ओळखीचे असावेत.