रेंगीचे वय

रेंगी म्हणजे दोन बैलांची, दोन चाकांची हलकी प्रवासी गाडी. वैनगंगेच्या खोऱ्यात धान वाहायची ती बंडी आणि माणसे वाहायची ती रेंगी, अशी ढोबळ विभागणी होती. बंडीची चाके मोठी, साटा लांब आणि बांधणी दणकट असे. रेंगीत धुरकऱ्यामागे दोन-तीन माणसे दाटीवाटीने बसत. तिच्या दोन्ही दांड्या मागच्या बाजूला फाकलेल्या असत आणि पुढे निमुळत्या होत जुवाशी एकत्र येत. वरून पाहिले तर सगळा सांगाडा एखाद्या लांबट त्रिकोणासारखा दिसे. बसायची जागा दोरीने किंवा बांबूच्या कामट्यांनी विणत, त्यावर तणस पसरत आणि तणसावर गोधडी घालत.

नावांचा घोळ मात्र आधीच लक्षात घ्यावा लागतो. इथल्या झाडीबोलीत खासर हा शब्द आहे, विदर्भात इतरत्र खाचर म्हणतात, छकडा तर महाराष्ट्रभर आहे. एका गावची रेंगी नदीपलीकडे छकडा ठरते. म्हणून जुनी गाडी ओळखताना घरच्यांनी सांगितलेल्या नावावर फार विसंबता येत नाही. दांड्यांची ठेवण, चाकाचा घेर आणि बसण्याची सोय पाहावी लागते. दांड्या निमुळत्या, साटा आखूड आणि उभाऱ्या जेमतेम असतील तर ती रेंगी किंवा छकडा. वर टप, आत गादीची बैठक आणि बाजूला कठडा असेल तर दमणी. दमणी ही पाटील-मालगुजारांच्या दारची गाडी. तिच्यावर रंगकाम असे, पितळी फुल्या ठोकलेल्या असत, आणि उत्तरकाळात क्वचित खाली लोखंडी पाट्यांच्या कमानीही बसवलेल्या आढळतात. भंडारा हे जिल्ह्याचे मुख्य गाव पितळी भांड्यांसाठी नावाजलेले असल्यामुळे पितळेची हौस भागवायला फार लांब जावे लागत नसे.

हा प्रदेश पूर्वीपासून गाड्यांचा होता असे मानणे बरोबर नाही. भोसल्यांच्या काळात छत्तीसगडचे धान्य नागपूरकडे येई ते मुख्यतः बंजाऱ्यांच्या तांड्यांतील लदणीच्या बैलांवरून. वाट जंगलाची, मधे नद्या-नाले आणि धानाच्या बांध्या. तिथे पाठीवर गोणी घेतलेला बैल चाकापेक्षा उपयोगी पडे. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. पुढच्याच वर्षी रिचर्ड टेंपल यांच्याकडे त्याचा कारभार आला आणि रस्त्यांच्या कामाला जोर चढला. नागपूरहून भंडाऱ्यावरून रायपूरकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड पक्का होत गेला तसतशी त्यावर चाके वाढली. आजचा राष्ट्रीय महामार्ग बऱ्याच अंशी त्याच दिशेने भंडारा, लाखनी, साकोलीवरून जातो.

त्यानंतर रेल्वे आली. नागपूर-छत्तीसगड ही मीटरगेज लाइन १८८२ पर्यंत राजनांदगावला पोचली. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने ही लाइन घेतली आणि रुंद केली. आगगाडीमुळे बैलगाडी संपली असेल असे वाटते, पण भंडाऱ्यात नेमके उलटे घडले. रूळ शहरातून गेलेच नाहीत. स्थानक झाले ते शहरापासून दूर वरठीला, आणि त्याला नाव मिळाले भंडारा रोड. तुमसरचीही तीच गत: तुमसर रोड वेगळे, तुमसर गाव वेगळे. स्थानकाच्या नावात ‘रोड’ आले की पुढचा रस्ता आपापल्या सोयीने कापायचा, हे प्रवाशाला न सांगता कळे. ही सोय म्हणजे रेंगी, छकडा आणि पुढे टांगा. आगगाडीची वेळ गाठायची तर गाडी हलकी हवी आणि बैल दुडक्या चालीचे हवेत. त्यासाठी वर्धा, शिवनी, छिंदवाडा, बालाघाट या पट्ट्यातले गवळाऊ बैल नावाजलेले होते. पांढऱ्या रंगाचा, सडपातळ बांध्याचा हा बैल ओझ्यापेक्षा धावण्यासाठी पसंत केला जाई. मराठ्यांच्या फौजांच्या हलक्या वाहतुकीशीही त्याचे नाव जोडलेले आहे.

रेंगीचे वर्ष दिवाळीनंतर सुरू होई. पावसाळ्यात चिखलणी आणि रोवणीच्या दिवसांत बांध्यांमधून गाडी निघणे अशक्यच. तेव्हा चाके काढून गोठ्याच्या भिंतीला टेकवत आणि साटा वर टांगत. धान निघाले, वाटा वाळल्या की गाड्या पुन्हा जुंपल्या जात. मग गावोगावची मंडई, म्हणजे जत्रा, त्यानंतर शंकरपट, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यती, आणि पटाच्या रात्री होणारे झाडीपट्टीचे नाटक. लेकीला माहेरी आणणे, वरात नेणे, महाशिवरात्रीला गायमुखच्या जत्रेला जाणे, हे सगळे रेंगीनेच. पटात धावणारी छकडी ही याच घराण्यातली, फक्त तिच्यात धावायला जेवढे लागते तेवढेच लाकूड उरलेले असते.

गाडी घडवणारे दोघे: वाढई आणि लोहार. वाढई म्हणजे सुतार. लोहाराला काही भागांत खाती म्हणत. दोघांची मजुरी बहुतेक धानात आणि हंगामाला ठरलेली असे. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात लोहार, खाती आणि घिसाडी यांची नोंद एकाच प्रकरणात आहे. गावात स्थिरावलेल्या लोहाराखेरीज फिरते कारागीरही होते. राजस्थानातून पसरलेले गाडी लोहार तर गाडीतच संसार करीत. भाता, ऐरण, पोरेबाळे, भांडी सगळे एका साट्यावर. इंग्लंडमध्ये गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टराने १८८५ मध्ये हौसेखातर घोड्यांनी ओढायचे चाकावरचे घर बांधून घेतले आणि तिथल्या कॅरव्हॅनच्या छंदाची सुरुवात त्यापासून धरतात. गाडी लोहारांच्या अशा घराला मात्र छंद म्हणायचे कोणाला सुचले नाही.

गाडीचा जीव चाकात. मधला तुंबा बहुधा बाभळीचा, कारण ते लाकूड चिवट असते आणि सहजी फाटत नाही. तुंब्यातून निघणारे आरे, आणि आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर बसणारे कमानदार तुकडे म्हणजे पुठ्ठे. नेहमीच्या चाकाला बारा आरे आणि सहा पुठ्ठे असतात, म्हणजे प्रत्येक पुठ्ठ्यात दोन आरे. पुठ्ठ्यांना बाभूळ किंवा तिवस, लाकडी आखाला धावडा आणि सांगाड्याला साग, अशी निवड असे. तिवस वाकवला तरी तुटत नाही आणि धावडा झिजता झिजत नाही, हा वाढयांचा अनुभव. लाकूड झाडावरून उतरवले की लगेच वापरत नसत. ओल्या लाकडाचे चाक पहिल्याच उन्हाळ्यात खिळखिळे होते.

लाकडी चाक तयार झाले की त्यावर लोखंडी धाव चढवायची. लोहार सुतळीने चाकाचा घेर मोजे आणि पट्टी त्याहून किंचित आखूड तोडून तिची दोन टोके भट्टीत तापवून, ठोकून एकजीव करी. मग जमिनीवर गोवऱ्यांचे कडे रचून त्यात धाव ठेवली जाई. लोखंड लाल झाले की तिघे-चौघे सांडशींनी ती उचलत आणि आडव्या ठेवलेल्या चाकावर सोडत. लाकूड पेट घेई, धूर उठे, घणाचे चार-सहा घाव पडत आणि लगेच वरून पाण्याच्या घागरी रिकाम्या होत. लोखंड आकसताना आरे तुंब्यात करकरत घुसत. त्या आवाजावरून धाव नीट बसली की नाही हे लोहार सांगू शके. आवाज आलाच नाही तर पट्टी लांब झाली, पुन्हा तोडा, पुन्हा तापवा. पट्टी फार आखूड झाली तर त्याहून वाईट, आरे वाकतात किंवा पुठ्ठा फुटतो, आणि मग वाढई व लोहार यांच्यात चूक कोणाची यावर संध्याकाळ जाते.

कारखान्यात बनलेल्या वाहनाचे वय सांगणे रेंगीच्या मानाने सोपे. अमेरिकेत वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीच्या जुन्या निवासगाड्या जमवणारे क्रमांक पाहतात. क्रमांक नसेल तर पत्र्याचे किती तुकडे जोडले आहेत, खिडक्या कशा आहेत, यावरून साल काढतात. रेंगीला क्रमांक नाही, तिच्यावर कारागिराचे नावही नाही. शिवाय ती एका वेळची वस्तूच नसते. आजोबांच्या सांगाड्याला बापाने बदललेला आख आणि नातवाने आणलेली चाके, असे तिचे शरीर. तेव्हा गाडी किती जुनी या प्रश्नाला एकच उत्तर नसते; कोणता भाग किती जुना, एवढेच ठरवता येते.

पाहायची पहिली जागा आख. लाकडी आख आणि तुंब्यातले लाकडावर फिरणारे भोक ही जुनी रीत. त्यानंतर लोखंडी कणा आणि तुंब्यात बसवलेली ओतीव नळी, म्हणजे आवण, आली. बेअरिंग दिसले तर ते डनलॉपच्या हवेच्या टायरनंतरचे काम. अशा गाड्या भारतात १९३० नंतर पसरल्या. दुसरी जागा धावेचा सांधा. भट्टीत जोडलेला सांधा किंचित जाड, चपटा आणि हातोड्याच्या खुणांचा असतो. विजेच्या वेल्डिंगची मण्यांसारखी रेघ दिसली तर ते गावात वीज पोचल्यानंतरचे. तिसरे खिळे: चौकोनी, निमुळते, ओबडधोबड डोक्याचे ते लोहाराचे, गोल, एकसारखे ते तारेचे, बाजारातले. खिळा बदललेला असला तरी जुन्या चौकोनी खिळ्याचे भोक लाकडात तसेच राहते, आणि तिथे लोखंडाच्या गंजाने लाकूड काळे पडलेले असते.

लाकूडही साक्ष देते, पण जपून ऐकावी अशी. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगले वाढली आणि निस्ताराच्या, म्हणजे घरगुती गरजेपुरते जंगलातून घेण्याच्या, हक्कात गावकऱ्याला काय मिळेल यावर बंधने आली. त्यामुळे तिवस-धावड्याऐवजी बांधावरची बाभूळ अधिक दिसू लागली तर नवल नाही. तरी ज्याचे जंगल जवळ त्याचे लाकूड वेगळे, हे कोका किंवा नागझिऱ्याच्या बाजूच्या गावांत विसरून चालत नाही. नुसत्या लाकडावरून साल ठरवणारा बहुधा फसतो. शहरात भाड्याने चालणाऱ्या गाडीवर नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला कधी कधी उरलेला असतो. तो मिळाला तर नशीबच, पण तोही दुसऱ्या गाडीवरून आलेला असू शकतो. वस्तू कुठे आणि कशी सापडली याची नोंद नसली की काय होते, हे दायमाबादच्या काशाच्या गाड्यात दिसते. दोन बैल जुंपलेला हा सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा गाडा १९७४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील गावकऱ्यांना सापडला, शास्त्रशुद्ध उत्खननात नव्हे, आणि त्याच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद राहिले.

रेंगी एकदम गेली नाही. १९५१ मध्ये मालगुजारी संपली तशी दमणी बाळगणारी घरे आटोपशीर झाली. १९६० मध्ये जिल्हा महाराष्ट्रात आल्यानंतरच्या काळात एसटी गावोगाव जाऊ लागली आणि माणसांची वाहतूक तिने घेतली. मालाची वाहतूक टायरच्या बंडीने आणि नंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने घेतली. सत्तरच्या दशकात बंगलोरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा आग्रह धरला. बैलाच्या मानेवरचा भार कमी व्हावा, चाक सहज फिरावे, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. पण लाकडी चाकाच्या दृष्टीने सुधारणा म्हणजे निरोपच. शंकरपटाने छकडी तगवली होती. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तोही थांबला. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पट परतले, मधल्या सात वर्षांत हात मात्र थांबले होते, आणि धाव चढवणारा लोहार शोधण्यासाठी आता दोन-तीन गावे फिरावी लागतात.

दुरुस्तीला घेतलेल्या गाडीचे पहिले काम पाणी किंवा पॉलिश नव्हे, मोजमाप. सांगाडा सोडण्याआधी दांड्यांमधले अंतर, आखाची उंची आणि जुवाचा कोन लिहून ठेवावा लागतो, कारण एकदा सोडलेले लाकूड पुन्हा जुळवताना आपल्या मनाने वाकते. वाळवीने पोखरलेला साटा बदलावाच लागतो. तुंबा मात्र शक्यतो राखतात. चीर गेली असेल तर दोन्ही टोकांना लोखंडी कडी घालून तो धरता येतो. एक-दोन पुठ्ठे गेले असतील तर तेवढेच नवे घालायचे. सहाही नवे घातले तर चाक सुंदर होते, पण ते जुने राहत नाही. रंग खरवडताना घाई केली की खालचे थर जातात, आणि गेरू आधी की तेलरंग आधी, हे पुन्हा कधी कळत नाही. महामार्गावरच्या ढाब्यांत आणि मंगल कार्यालयांत भिंतीला टेकवलेली, चकचकीत व्हार्निश लावलेली चाके या घाईची उदाहरणे आहेत.

सैल झालेल्या धावेला लगेच भट्टी दाखवायची गरज नसते. उन्हाळ्यात लाकूड आकसून धाव हलू लागली की धुरकरी चाके काढून गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, टाकत. रात्रभरात लाकूड फुगून धाव घट्ट बसे. संग्रहासाठी राखलेल्या चाकालाही आधी हाच उपाय करून पाहतात, आणि त्याने भागले नाही तरच धाव उतरवून, थोडी तोडून पुन्हा चढवतात. शेवटी ओंगण. आखाला आणि आवणाला एरंडेल किंवा करंजीचे तेल पोचले पाहिजे. जुन्या गाडीखाली त्यासाठी बांबूची नळी टांगलेली असे, तिच्यात तेलाने भिजलेली काडी. पुष्कळ गाड्यांची नळी हरवलेली असते, पण ती अडकवण्याची खुंटी सांगाड्याच्या मागच्या आडव्या लाकडात शोधली की सापडते.