वंशाचा दाखला आणि विद्येचे दान

देशांतर केलेला समाज मूळ भूमीची स्मृती कशी जपतो, हे आपण सहसा त्याच्या काव्यात शोधतो. स्कॉटिश स्थलांतरितांच्या बाबतीत त्यांच्या संस्थांचे दानव्यवहारही तितकेच बोलके आहेत.

संत अँड्र्यू हा स्कॉटलंडचा रक्षक संत. त्याच्या नावाची सोसायटी चार्ल्सटन येथे १७२९ मध्ये, फिलाडेल्फियात १७४७ मध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये १७५६ मध्ये स्थापन झाली. तेव्हा या वसाहती ब्रिटिश अमलाखाली होत्या. जहाजातून उतरलेला निर्धन स्कॉट, आजारी खलाशी, विधवा आणि अनाथ यांना साहाय्य करणे हा या संस्थांचा मूळ हेतू. दानाची कसोटी दुहेरी होती: मनुष्य स्कॉटिश असावा आणि गरजू असावा.

पुढे स्कॉटिश समाज अमेरिकेत स्थिरावला, संपन्न झाला. बंदरावर मदतीसाठी उभे असलेले देशबांधव विरळ झाले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर न्यूयॉर्कच्या सोसायटीने विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देण्यास प्रारंभ केला. स्कॉटिश वंशाच्या अमेरिकन पदवीधराने स्कॉटलंडमध्ये आणि स्कॉटलंडमधील पदवीधराने अमेरिकेत शिकावे, अशी ही योजना. या स्थित्यंतरात एक सूक्ष्म बदल दडलेला आहे. पूर्वी दान माणसाच्या विपन्नावस्थेला मिळे. आता ते त्याच्या वारशाला मिळू लागले. जणू स्मृतीच आता साहाय्याची याचक झाली.

पण वारसा ठरवायचा कोणी? चार्ल्सटनची समृद्धी गुलामांच्या श्रमांवर उभारलेल्या भातशेतीची होती आणि तिचा लाभ घेणाऱ्यांत स्कॉटिश व्यापारी व मळेवालेही होते. जमैकात आजही कॅम्पबेल हे आडनाव विपुल आढळते. ते धारण करणारे बहुसंख्य लोक आफ्रिकी वंशाचे आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या रक्तात स्कॉटिश अंशही आहे. मात्र तो ज्या मार्गाने आला, त्याचा उल्लेख गौरवपर वंशवृक्षात होत नाही. ग्लासगो विद्यापीठाने २०१८ मध्ये, गुलामगिरीतून आलेल्या धनाचा आपणास मोठा लाभ झाल्याचे अहवालाद्वारे मान्य केले, आणि २०१९ मध्ये वेस्ट इंडीज विद्यापीठाशी दोन कोटी पौंडांचा परिमार्जनपर करार केला. वारशाचा असा जमाखर्च मांडणे अवघड असते, पण अशक्य नसते.

या संदर्भात अँड्र्यू कार्नेगी याचे दानपत्र पुन्हा वाचण्यासारखे आहे. डनफर्मलिनच्या विणकराचा हा मुलगा १८४८ मध्ये आईवडिलांबरोबर अमेरिकेस गेला, पोलादाच्या उद्योगात अपार धनवान झाला आणि न्यूयॉर्कच्या याच सोसायटीचा अध्यक्षही झाला. १९०१ मध्ये त्याने स्कॉटलंडच्या विद्यापीठांसाठी एक कोटी डॉलरचा न्यास स्थापन केला. निम्मे उत्पन्न विद्यापीठांच्या विकासासाठी, तर उरलेले प्रामुख्याने विद्यार्थ्यांच्या शुल्कासाठी होते. आयते शुल्क मिळाल्याने स्कॉटिश तरुणाचा स्वावलंबी बाणा लोपेल, अशी टीकाही तेव्हा झाली.

शुल्काच्या कलमात ‘स्कॉटिश जन्म वा वंश’ ही अट आहेच. पण तिच्या जोडीला आणखी एक वर्ग येतो: वयाच्या चौदा वर्षांनंतर स्कॉटलंडमधील शासकीय तपासणीखालील शाळेत दोन वर्षे शिकलेले विद्यार्थी. पितरांचा दाखला नसला तरी शाळेच्या हजेरीपटाने ते पात्र ठरत. एकाच वाक्यात येथे वारशाच्या दोन व्याख्या शेजारी बसल्या आहेत. एक रक्ताने मिळतो, दुसरा सहवासाने आणि अध्ययनाने.

आम्ही साहित्य शिकवणारे रोज वर्गात या दुसऱ्या व्याख्येवरच विसंबून असतो. परंपरा जन्माबरोबरच मिळत असती, तर ती शिकवण्याचे प्रयोजनच उरले नसते. वारशाच्या नावाने विद्यावेतन देणाऱ्या कोणत्याही संस्थेने अर्जाचा नमुना तयार करताना शाळेचा तो रकाना रिकामा सोडू नये.