आंबील ओढा : पिण्याच्या पाण्यापासून पुरापर्यंत

पुण्याच्या इतिहासात मुठा नदीला जेवढे स्थान मिळाले तेवढे आंबील ओढ्याला मिळाले नाही. वास्तविक पेशवाईतील वाढत्या शहराची तहान भागली ती मुख्यतः याच ओढ्याच्या पाण्यावर. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा हा ओढा पूर्वी जुन्या वस्तीलगत वाहत मुठेला मिळत असे. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, पर्वतीच्या पायथ्याशी त्याचे पाणी अडवून तळे करण्यात आले आणि पात्र पश्चिमेकडे वळवण्यात आल्याने मोकळी झालेली जमीन पेठांच्या विस्तारास मिळाली.

त्याच काळात कात्रजला ओढ्यावर तलाव बांधून तेथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणण्यात आला. तलावांची रचना विचारपूर्वक होती : वरच्या तलावात गाळ बसे आणि निवळलेले पाणी खालच्या तलावातून नळात उतरे. माणूस आत उतरून चालू शकेल एवढ्या उंचीच्या या नळाला ठिकठिकाणी ‘उच्छ्वास’, म्हणजे कोंडलेली हवा बाहेर पडण्यासाठी आणि सफाईसाठी ठेवलेली तोंडे, होती. केवळ उताराच्या जोरावर पाणी पेठांमधील हौदांपर्यंत पोहोचे आणि तेथून घागरींनी घरोघरी जाई. गाळ उपसला नाही तर हौद कोरडा पडतो, हे कळण्यास तेव्हा कोणत्याही अहवालाची गरज नव्हती, आणि या व्यवस्थेचे खरे बळ त्यातच होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्याचे धरण झाले, पुढे पाणी घरातल्या नळाला आले आणि ओढ्याची गरज उरली नाही. उलट घरोघरी वाढलेले सांडपाणी वाहून नेण्यास तोच सर्वांत सोयीचा ठरला. ज्याचे पाणी प्यायचे त्यात कोणी घाण सोडत नाही, परंतु पाणी दुसरीकडून येऊ लागताच ओढ्याचा नाला झाला, आणि नाल्यावर पूल, भराव व भिंती उभारताना कोणाचा हात अडखळला नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून मुठेला पूर आल्यावर शहराने पुराची धास्ती घेतली खरी, पण ती मुठेपुरती. पूररेषा, म्हणजे ठराविक वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवणाऱ्या रेषा, पुढे नदीकाठी आखल्या गेल्या, ओढ्यांचा विचार मागेच राहिला.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याचे पाणी अरण्येश्वर, सहकारनगर आणि दांडेकर पूल परिसरातील घरांत शिरले, सीमाभिंती कोसळल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या आणि माणसे वाहून गेली. त्यानंतर पात्र सरळ व रुंद करण्याचे काम निघाले, ते मात्र दांडेकर पुलालगतच्या झोपडवस्तीपासून. जून २०२१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, तेथील घरांवर यंत्रे चालली आणि न्यायालयाच्या स्थगितीनंतरच ती थांबली. ओढा वरच्या अंगाला, कात्रजच्या उतारावर, जेथे आवळला गेला, तेथील बांधकामांवर पहिला घाव पडला नाही.