महाराष्ट्र पोलीस दलातील दारूगोळ्याचा तुटवडा

पोलीस दलाला कर्तव्यासाठी व सरावासाठी लागणारी काडतुसे मागणीच्या तुलनेत कमी मिळणे, यास दारूगोळ्याचा तुटवडा म्हणतात. महाराष्ट्रात हा प्रश्न २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर प्रकर्षाने चर्चेत आला.

पुरवठा
पोलीस ठाणी दारूगोळा स्वतः खरेदी करत नाहीत. नागपूरमधील सीताबर्डीसारखे ठाणे त्यासाठी शहर पोलीस आयुक्तालयावर अवलंबून असते. लहान शस्त्रांची काडतुसे प्रामुख्याने खडकी (स्थापना १८६९) व वरणगाव (जि. जळगाव) येथील सरकारी कारखान्यांत तयार होतात. नागपूरलगतच्या भंडारा जिल्ह्यातही आयुध निर्माणी आहे. मात्र या कारखान्यांची मुख्य जबाबदारी सैन्यदलांची गरज भागवणे ही असल्याने कारखाना जवळ असूनही पोलिसांना पुरवठा वेळेवर होईलच असे नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून वरील तिन्ही कारखाने पुणे येथे मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे आहेत.

कारणे
पोलिसांकडे .३०३ रायफल, एसएलआर, इन्सास, एके-४७ व ९ मिमी पिस्तूल अशी विविध शस्त्रे असतात. एसएलआर व एके-४७ या दोन्ही शस्त्रांचा व्यास ७.६२ मिमी म्हणून ओळखला जात असला, तरी त्यांच्या काडतुसांच्या कवचाची (केसची) लांबी भिन्न (अनुक्रमे ५१ व ३९ मिमी) असल्याने ती परस्परांत वापरता येत नाहीत. परिणामी, एकूण साठा पुरेसा दिसत असतानाही एखाद्या प्रकारच्या काडतुसांची टंचाई उद्भवू शकते.

परिणाम
तुटवड्याची झळ प्रथम सरावाला बसते. कर्तव्यासाठीचा साठा राखून ठेवण्यासाठी गोळीबाराचा सराव कमी केला जातो. त्यामुळे नेमबाजी व शस्त्र हाताळण्याचा आत्मविश्वास घटतो. तथापि ही उणीव प्रत्यक्ष प्रसंग ओढवेपर्यंत नजरेस येत नाही.

प्रधान समिती
मुंबई हल्ल्याच्या चौकशीसाठी राज्य शासनाने डिसेंबर २००८ मध्ये राम प्रधान व व्ही. बालचंद्रन यांची द्विसदस्यीय समिती नेमली. दारूगोळ्याच्या कमतरतेमुळे मुंबई पोलिसांचा गोळीबार सराव नियमित होत नसल्याकडे समितीने लक्ष वेधले. हल्ल्याच्या वेळी छत्रपती शिवाजी टर्मिनस येथे एके-४७ धारी अतिरेक्यांसमोर पोलिसांकडे .३०३ रायफली व लाठ्या होत्या.

इतर देश
अमेरिकेत २०१३ च्या सुमारास व पुन्हा २०२० नंतर नागरिकांची मागणी वाढल्याने स्थानिक पोलीस विभागांना काडतुसांसाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागली. तेथे नागरिक व पोलीस यांची मागणी एकाच बाजारपेठेत येते. भारतात मात्र पोलिसांचा पुरवठा मुख्यतः शासकीय वाटपावर अवलंबून असतो.