आंधळा, रातांधळा आणि एच ५४

'आंधळा' हा शब्द स्थिती सांगतो, कारण सांगत नाही. देवी येऊन ज्याच्या बुबुळावर फूल पडले तो, ज्याचा मोतीबिंदू पिकला तो, आणि बाहेरून डोळा पाणीदार असूनही ज्याला काहीच दिसत नाही तो, असे तिघेही मराठीत आंधळेच. 'रातांधळा' एक पाऊल पुढे जातो. दृष्टी केव्हा जाते हे तो सांगतो, पण का जाते याविषयी तोही मुका. अहिराणी बोलणारा 'डोया गया' म्हणतो, तेव्हाही एवढेच कळते.

वर्गवारीची हौस आपल्याकडे नव्हती असे मात्र नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोग ७६ मोजले आहेत आणि त्यांतले १२ दृष्टिगत. तिमिर हा विकार एकेक पटल ओलांडून आत शिरतो, अशी तिथली मांडणी आहे. रेटिनासाठी आपण वापरतो त्या 'दृष्टिपटल' या प्रतिशब्दात तेच 'पटल' आहे, पण सुश्रुताचे पटल आणि हे पटल एक नव्हेत. जिवंत माणसाचे दृष्टिपटल वैद्याला नीट पाहता येऊ लागले ते हेल्महोल्ट्झने १८५१ साली ऑफ्थॅल्मोस्कोप जगापुढे ठेवल्यानंतर. लोकांनी पुढे त्याला 'पडदा' म्हटले. पडदा सरकला, पडदा फाटला. हा शब्द कोणत्याही परिभाषा समितीने घडवलेला नाही, आणि मला तो 'दृष्टिपटला'पेक्षा सरस वाटतो.

आंधळ्यांची सरकारी मोजदाद मात्र रोगाच्या वाटेने आली नाही, ती आली व्यंगाच्या वाटेने. १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत वेडे, मुके-बहिरे आणि महारोगी यांच्या पंक्तीत आंधळ्यांचा रकाना असे. दुसरीकडे गावच्या मृत्यूनोंदीत पटकी, देवी, ताप, हगवण अशी मोजकी कारणे असत. आंधळेपणाने कोणी मरत नाही, त्यामुळे तिथे त्याला जागा नव्हती. झाक बर्तियों याने १८९३ साली शिकागोत मांडलेली आंतरराष्ट्रीय यादीही मृत्यूच्या कारणांचीच होती. माणसाला मारत नाहीत पण जन्मभर साथ देतात अशा विकारांना त्या यादीत रीतसर प्रवेश मिळाला तो १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत, जागतिक आरोग्य संघटनेने हे काम हाती घेतल्यावर.

पुढे दहावी आवृत्ती १९९० साली संमत झाली. तिने डोळ्याला स्वतंत्र प्रकरण दिले आणि त्यात एक विभागणी केली जी आपल्या भाषेने कधी केली नव्हती. एच ३३ म्हणजे पडदा सुटणे व फाटणे, एच ३४ त्याच्या रक्तवाहिन्या तुंबणे, एच ३५ मध्ये इतर विकार, त्यांतच आनुवंशिक ऱ्हास. ही झाली कारणे. दृष्टी किती गेली याचा संकेतांक निराळा, तो एच ५४. रातांधळेपणाचीही अशीच फोड होते. तो 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने आला असेल तर डोळ्याच्या प्रकरणातून उठून आहारदोषांच्या प्रकरणात, ई ५० मध्ये जातो.

एच ३६ सर्वांत विलक्षण. मूळ रोग दुसरीकडे आणि खूण पडद्यावर, असे विकार त्यात येतात. नवव्या आवृत्तीपासूनची रीत अशी, की मूळ रोगाच्या संकेतांकापुढे कट्यारीची खूण करायची आणि डोळ्यातल्या परिणामापुढे तारका. तारका असलेला संकेतांक एकटा लिहायचा नाही. मधुमेहाने झालेला पडद्याचा विकार इथलाच, आणि सिकलसेलने झालेलाही.

इथे खानदेशाचा संबंध येतो. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत सिकलसेल आहे. कोयत्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशी पडद्याच्या कडेच्या बारीक वाहिन्या तुंबवतात. मध्यभाग बराच काळ शाबूत राहतो, म्हणून भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरे रोग्याला अगदी खालच्या ओळीपर्यंत वाचता येतात. आत रक्तस्राव झाला की मग दृष्टी अचानक जाते. तोवर एच ५४ ला तो दिसतच नाही. त्याला आधी पकडेल ती तारका, आणि बाहुली मोठी करून पडदा कडेपर्यंत तपासल्याखेरीज ती तारका लिहिता येत नाही.

कायद्याची भाषा तारकांची नाही, मीटरांची आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/६० च्या पुढे नसेल तर माणूस अंध ठरे. २०१६ च्या कायद्याने ती रेघ ३/६० च्या खाली नेली. सहा मीटरवरून जे अक्षर वाचता येत नाही आणि तीनवरून येते, तेवढ्या अंतरातली माणसे अंधांतून उठून अल्पदृष्टीत गेली; त्यांच्या डोळ्यांत काहीच बदलले नव्हते. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमानेही २०१७ मध्ये तीच रेघ घेतली. जनगणनेचे याहून गमतीचे. जुन्या सूचनांनुसार दोन्ही डोळ्यांनी आंधळा असेल तोच मोजायचा. २००१ मध्ये एका डोळ्याने पाहणाराही दृष्टिबाधित धरला गेला, आणि २०११ मध्ये पुन्हा वगळला गेला. शिवाय ज्या प्रदेशातली माणसे मोजायची तोही स्थिर नाही. खानदेश जिल्हा १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असा दुभंगला, पश्चिमेचा पुढे धुळे झाला, आणि १९९८ साली त्यातून नंदुरबार निघाला. १९०१ चा आणि २०११ चा आकडा शेजारीशेजारी मांडून खानदेशात अंधत्व वाढले की घटले हे सांगू पाहणाऱ्याने आधी 'खानदेश' म्हणजे काय ते ठरवावे, मग 'अंध' म्हणजे काय ते.

२०१६ च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांत सिकलसेल आहे आणि अंधत्वही, पण त्या दोन निरनिराळ्या नोंदी आहेत. तारका आणि कट्यार तिथे नाहीत. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीने या खुणाच काढून टाकल्या. आता मूळ रोगाचा आणि डोळ्याचा असे दोन संकेतांक मध्ये तिरकी रेघ देऊन जोडता येतात. ती रेघ अक्कलकुव्याच्या किंवा धडगावच्या दवाखान्यातल्या केसपेपरावर कोण ओढणार, हे त्या ग्रंथात नाही.