दिनविशेष, २६ जुलै : गुमर्सबाखचे हायनर ब्रांड
जर्मन हँडबॉलपटू हायनर ब्रांड यांचा जन्म १९५२ मध्ये आजच्या दिवशी, कोलोनच्या पूर्वेकडील गुमर्सबाख या छोट्या शहरात झाला. क्लाउस आणि योखेन हे भाऊही हँडबॉलपटूच. खेळाडू म्हणून ब्रांड अखेरपर्यंत गावच्याच व्हीएफएल गुमर्सबाख क्लबकडे राहिले आणि सहा वेळा जर्मन विजेतेपदाचे मानकरी ठरले. त्यांचा पिंड बचावाचा. गोलांच्या आकड्यांत अशा खेळाडूचे मोल दिसत नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाला २०-१९ असे नमवून विश्वविजेता ठरलेल्या पश्चिम जर्मनीच्या संघात ते होते.

पुढच्याच वर्षी हंगेरीतील तताबान्या येथे क्लबच्या सामन्यात त्यांचे सहकारी योआखिम डेकार्म डोक्यावर आपटले. ते १३१ दिवस कोमात होते आणि कायमचे जायबंदी झाले. ब्रांड यांनी या मित्राला कधी अंतर दिले नाही. विजेतेपदांइतकीच ही गोष्ट मोठी आहे.

२००७ मध्ये प्रशिक्षक म्हणून त्यांनी जर्मनीला पुन्हा जगज्जेते केले. खेळाडू आणि प्रशिक्षक या दोन्ही नात्यांनी विश्वचषक जिंकणारे ते पहिलेच. अंतिम सामना कोलोनला, म्हणजे घराजवळच झाला. पोलंडला २९-२४ असे हरवल्यावर खेळाडूंनी त्यांच्यासारख्या झुपकेदार खोट्या मिशा लावून जल्लोष केला.